पात्याचें पाणी

प्रत्येक घरांत अशी एखादी तरी वस्तु सांपडते, कीं जी वापरण्यासाठींच घडविलेली असते, पण फार चांगली आहे एवढ्याच कारणानें ती वापरली जात नाहीं. लग्नांत आलेलें चांदीचें ताट मऊ फडक्यांत गुंडाळून फडताळाच्या तळाशीं जाऊन बसतें. आजीची पैठणी ‘एखाद्या मोठ्या प्रसंगासाठीं’ म्हणून राखली जाते आणि घडीवरच विरते. शाळेंत बक्षीस मिळालेलें सोनेरी कांठाचें पुस्तक, मुलगा आजोबा झाला तरी, कोरेंच राहतें. यांत कृपणपणा नसतो. असतो तो आदरच. पण हा आदर त्या वस्तूला मानवतो कीं नाहीं, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

हाच प्रश्न सुऱ्यांच्या बाबतींत मोठ्या चुरशीनें विचारला जातो. येथें सुरी म्हणजे बाजारांत डझनावारी मिळणारी कारखान्यांतील सुरी अभिप्रेत नाहीं. एका कारागिरानें, एका गिऱ्हाइकाचा हात, त्याचें काम व त्याची आवड लक्षांत घेऊन, आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः घडविलेली अशी ती सुरी होय. ती हातीं यावयास कित्येक महिने, कधीं कधीं वर्षेंच्या वर्षें थांबावें लागतें आणि तिच्यासाठीं मोठी रक्कम मोजावी लागते. ती घरीं आली म्हणजे धन्यापुढें प्रश्न उभा राहतो : हिनें कांदा चिरावा, दोर कापावा, शिकार सोलावी, कीं हिला कांचेच्या पेटींत मखमलीवर निजवून पाहुण्यांना दाखवावें? एकदां सहाणेवर धरली कीं कारागिराच्या हातची पहिली झळाळी गेली ती गेली. आणि हौशी संग्राहकांच्या बाजारांत वापरलेल्या सुरीचें मोल न वापरलेल्या सुरीपेक्षां पुष्कळच कमी होतें. म्हणजे हा प्रश्न केवळ आवडीचा नाहीं, पैशाचाहि आहे. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, एका विद्येच्या जगण्यामरण्याचाहि आहे.

याचा उलगडा करावयाचा तर या सुऱ्या मुळांत कोठून आल्या हें आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत हातघडणीच्या सुऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिचा एक धागा मिशिगन संस्थानांतील एका सरोवराच्या कांठीं सांपडतो. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत वॉलून नांवाच्या या सरोवरावर एक गृहस्थ आपल्या होडीचा जुना रंग सुरीनें खरवडून काढीत होता. तें काम सुरीचें नव्हे. त्यानें भल्या भल्या सुरीची धार जावयाची. पण या सुरीच्या धारेला कांहींच झालें नाहीं. हें दृश्य वॉल्टर डोन रँडल हे पाहत होते. त्यांच्या फ्लॉरिडांत लिंबू-संत्र्यांच्या जातीच्या फळांच्या बागा होत्या आणि लोहारकामाशीं त्यांचा धंद्यानें कांहीं संबंध नव्हता. त्यांनीं ती सुरी विकत घेतली. ती विल्यम स्कॅगेल नांवाच्या, आपल्या झोपडीवजा कर्मशाळेंत एकटाच काम करणाऱ्या मिशिगनमधील कारागिराची होती. तशी सुरी आपल्याला घडवितां येते का, हें पाहण्यासाठीं रँडल यांनीं भट्टी पेटविली. आणि कांहीं वर्षांतच ऑर्लँडो येथील त्यांच्या कर्मशाळेंतील सुऱ्या दुसऱ्या महायुद्धांतील अनेक अमेरिकन सैनिकांच्या कमरेला लटकूं लागल्या.

या धाग्याचें दुसरें टोक समुद्रावर आहे. १९५४ च्या सुमारास रॉबर्ट लव्हलेस नांवाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दुकानांत रँडल यांची सुरी विकत घेण्यासाठीं गेला. सुरी मिळण्यास नऊ महिने लागतील असें उत्तर मिळालें. तेवढा धीर त्याच्यापाशीं नव्हता. त्यानें न्यूअर्क येथील मोडक्या मोटारींच्या अड्ड्यावरून १९३७ सालच्या एका पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगचें पातें मिळविलें, आणि आपल्या जहाजावरील स्वयंपाकघराच्या चुलीवर तें तापवून स्वतःची सुरी घडविली. ती त्यानें त्याच दुकानांत नेऊन दाखविली, आणि दुकानदारांनीं तिच्यासारख्या आणखी सुऱ्यांची मागणी केली. हाच लव्हलेस पुढें अमेरिकेंतील सुरीकारांचा अग्रणी झाला. १९७० सालीं सुरीकारांचा जो संघ स्थापन झाला त्याच्या संस्थापकांत तो होता. २०१० सालीं तो वारला.

या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या साखळीची एकेक कडी कामांतून जुळली आहे. स्कॅगेलची ती सुरी कांचेच्या पेटींत असती, तर रँडल यांना तींत एक शोभिवंत वस्तु दिसली असती आणि ते पुढें चालते झाले असते. होडीच्या फळीवर तिनें जें सोसलें, त्यानेंच तिचें पाणी त्यांना कळलें. लव्हलेसच्या सुऱ्यांचा जो आकार जगभर उचलला गेला, तोहि असाच कामांतून आलेला आहे. शिकारी जनावराचें पोट फाडतो तेव्हां सुरीचें टोंक वर उचललेलें असलें तर तें आंतड्यांत घुसतें आणि मांस नासतें. म्हणून लव्हलेसनें पात्याची पाठ पुढें हलकेच उतरती केली व टोंक खालीं आणलें. तो उतार आज पाहणाऱ्याला सुंदर वाटतो, पण त्याचा जन्म सौंदर्यासाठीं झालेला नाहीं. असें असून याच लव्हलेसच्या सुऱ्यांना आज हजारों डॉलर पडतात, त्यांच्या नकला निघतात, आणि त्यांतील कित्येकींनीं आजवर दोरीचा तुकडाहि कापलेला नाहीं.

जपून ठेवणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असें मात्र समजूं नये. त्यांचें म्हणणें असें, कीं कारागीर वारला म्हणजे त्याच्या हातची नवी सुरी पुनः निघावयाची नाहीं. प्रत्येक वेळीं धार लावतांना पात्याचा थोडा अंश सहाणेवर जातो. दहा-वीस वर्षें नित्य वापरलेल्या सुरीचा मूळचा आकारहि ओळखूं येईनासा होतो. मग त्या कारागिराचें कसब पुढच्या पिढीनें पाहावें कोठें? चित्रकाराचें चित्र कोणी पाय पुसण्यास घेत नाहीं. मग सुरीकाराच्या उत्तम कृतीनें भाजीच चिरली पाहिजे असा हट्ट कशासाठीं? शिवाय कांहीं सुऱ्या मुळांतच कामासाठीं घडविलेल्या नसतात. इंग्लंडांतील शेफील्ड शहर चाकूसुऱ्यांसाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध आहे. तेथील जोसेफ रॉजर्स या पेढीनें १८२२ सालीं १८२२ पात्यांचा एक प्रचंड चाकू तयार केला आणि पुढें त्यांत पात्यांची भर पडत गेली. असा चाकू खिशांत मावत नाहीं आणि हातांत धरवत नाहीं. तो करण्याचा हेतु एवढाच, कीं शेफील्डच्या कारागिरांना काय काय साधतें तें जगानें पाहावें. त्याला कोणी पेन्सिलीला टोंक करण्यास सांगणार नाहीं.

हें सारें मान्य केलें तरी एक मोठी अडचण उरते, आणि ती सुरीच्या स्वभावांतच आहे. मराठींत पात्याला ‘पाणी देणें’ असा शब्दप्रयोग आहे, आणि माणसाच्या अंगची खरी योग्यता अजमावण्याला ‘पाणी जोखणें’ असें म्हणतात. हे दोन्ही प्रयोग एकाच भट्टीजवळ जन्मले असावेत असें वाटण्याइतके ते परस्परांना शोभतात. पाणी देण्याची क्रिया थोडक्यांत अशी : पोलादाचें पातें लालबुंद होईपर्यंत तापवितात. सुमारें ७७० अंश शतमान उष्णतेला त्याची चुंबकाला ओढून घेण्याची शक्ति नाहींशी होते. कुशल लोहार चुंबक लावून हें पाहतो आणि आणखी थोडेंसें तापवून तें पातें एकदम तेलांत किंवा पाण्यांत बुडवितो. त्या क्षणीं पोलादाच्या आंतील रचना पालटते व तें कांचेसारखें कठीण होतें, पण कांचेसारखेंच ठिसूळहि होतें. मग तें पुनः सौम्य उष्णतेवर, सुमारें २०० अंशांच्या आसपास, घांसलेल्या पृष्ठभागावर फिकट गवती रंग चढेपर्यंत तापवावें लागतें. त्यानें कठिणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. उष्णता किंचित् जास्त झाली तर धार मऊ पडते. किंचित् कमी पडली तर ती कडाकड तुटते. उत्तम कारागीर धारेकडची बाजू कठीण ठेवतो आणि पाठीची बाजू मऊ ठेवतो. म्हणजे धार टिकते आणि पातें मोडत नाहीं.

हें सारें झाल्यावर पातें घांसून लखलखीत करतात. आणि एकदां तें लखलखीत झालें, कीं उत्तम पाणी दिलेलें पातें आणि मुळींच पाणी न दिलेलें पातें यांत डोळ्यांना कांहींएक फरक दिसत नाहीं. मुठीचें शिंग चांगलें कीं वाईट, जोड बरोबर बसला कीं नाहीं, नक्षी नाजूक कीं ओबडधोबड, हें डोळा सांगूं शकतो. पण सुरीचें सुरीपण ज्यांत आहे तें पाणी डोळ्यांना दिसत नाहीं. तें कापूनच कळतें.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. एखाद्या काळीं सर्वच गिऱ्हाइकें सुऱ्या घेऊन पेटींत ठेवूं लागलीं, तर कारागिराला कोणाची तक्रार ऐकूं येणार? धार दोन दिवसांत बसली असें सांगत कोणी परत येणार नाहीं. मूठ तासाभरानें तळहाताला रुतते असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या गुणांची पारख होत नाहीं त्या गुणांवर मेहनत घेण्याचें कारण उरत नाहीं. जे गुण डोळ्यांना दिसतात त्यांवरच सारी मेहनत जाऊं लागते. मूठ अधिक मोलाची होते, नक्षी अधिक दाट होते, झळाळी आरशासारखी होते, आणि पाणी मात्र हळूहळू उतरत जातें. हें कोणाच्या लबाडीनें होतें असें नव्हे. परीक्षेंत जो विषय विचारला जात नाहीं, त्याचा अभ्यास वर्गांतील हुशार मुलेंहि सोडून देतात, त्यांतलाच हा प्रकार होय.

ही भीति केवळ काल्पनिक नाहीं, हें अमेरिकेंतील लोहारांनीं ओळखलें. मेरीलँड संस्थानांतील विल्यम मोरन हा भट्टींत पोलाद तापवून ऐरणीवर पातें घडविण्याच्या जुन्या पद्धतीचा अभिमानी होता. दोन जातींचें पोलाद एकत्र ठोकून, घडीवर घडी घालून, त्यांतून लाटांसारखी नक्षी काढण्याची विद्या अमेरिकेंत बहुतेक विसरली गेली होती. ती त्यानें स्वतःच्या खटपटीनें साध्य केली आणि १९७३ सालीं सुरीकारांच्या प्रदर्शनांत अशा सुऱ्या मांडल्या. पुढें १९७६ सालीं त्यानें पातीं घडविणाऱ्या लोहारांची एक संस्था स्थापन केली. या संस्थेंत ज्याला पहिली पदवी मिळवावयाची असेल त्याची परीक्षा मोठी कडक असते. उमेदवारानें स्वतः घडविलेल्या सुरीनें, मोकळा लोंबत असलेला एक इंच जाडीचा दोरखंड एका घावांत तोडावयाचा. मग त्याच सुरीनें दोन इंच जाड व चार इंच रुंद अशी लांकडाची फळी दोनदां तोडावयाची. इतकें झाल्यावर त्याच धारेनें हातावरील केंस भादरून दाखवावयाचे. म्हणजे लांकडावर घाव घालूनहि धार जशीच्या तशी आहे असें सिद्ध होतें. आणि शेवटीं तें पातें शेगड्यांत, म्हणजे लोहाराच्या पकडींत, अडकवून काटकोनापर्यंत वांकवावयाचें. त्याचे दोन तुकडे होतां कामा नयेत.

ही परीक्षा उतरल्यावर मग उमेदवारानें पांच संपूर्ण सुऱ्या परीक्षकांसमोर मांडावयाच्या असतात, आणि त्या मात्र डोळ्यांनीं पारखल्या जातात. हा क्रम मोठा विचारपूर्वक ठेवलेला आहे. आधीं पाणी, मग रूप. आणि ज्या सुरीनें कारागिराला मान मिळवून दिला, ती सुरी परीक्षा संपतांना वांकडी व निरुपयोगी होऊन पडलेली असते. एका सुरीचा असा बळी दिला जातो, तेव्हां त्या कारागिराच्या पुढील सर्व सुऱ्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

जतन केलेली वस्तु आणि जतन केलेली विद्या या दोन गोष्टी निराळ्या आहेत, याचें सर्वांत बोलकें उदाहरण खुद्द हिंदुस्थानचें आहे. दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत वितळवून तयार होणारें पोलाद पूर्वीं साऱ्या जगांत नांवाजलेलें होतें. इंग्रजींत त्याला ‘वूट्झ’ म्हणतात. त्याच्या लाद्या पश्चिम आशियांत जात, आणि तेथील कारागीर त्यांच्या ज्या तलवारी व कट्यारी घडवीत त्यांच्या पात्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी उमटे. मोरननें साधलेली नक्षी ती ही नव्हे. ती घड्यांची होती, ही पोलादाच्या अंगचीच होती. अशीं हजारों पातीं आजहि जगभरच्या शस्त्रागारांत व संग्रहालयांत सुरक्षित आहेत. पण एकोणिसाव्या शतकांत त्यांची मागणी बसली, भट्ट्या विझल्या, आणि तीं करण्याची विद्या नाहींशी झाली. मायकेल फॅरडेसारख्या थोर शास्त्रज्ञानें त्या शतकाच्या आरंभींच या पोलादावर प्रयोग केले, तरी पुढें दीड शतकाहून अधिक काळ ती जुनी नक्षी कोणाला खात्रीनें साधेना. संग्रहालयांतील शेंकडों पातीं पाहणाऱ्यांच्या समोर होतीं. पण तीं मुकीं होतीं.

हें कोडें पुष्कळ अंशानें उलगडलें तें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. जॉन व्हर्होव्हन हे अमेरिकन धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे फ्लॉरिडांतील लोहार या दोघांनीं वर्षानुवर्षें प्रयोग केले. पोलादांत व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदीं सूक्ष्म अंश असला तरच ती नक्षी उमटते, असें त्यांना आढळून आलें. या कामीं त्यांना स्वित्झर्लंडांतील बर्न येथील संग्रहालयाच्या जुन्या पात्यांचे नमुने उपयोगी पडले. त्याच पात्यांचें पृथक्करण १९२४ सालीं एकदां झालें होतें. येथें दोन्हीं पक्षांनीं शिकण्यासारखें कांहीं आहे. तीं पातीं कोणी जपून ठेवलीं नसतीं तर शोध लागता ना, हें खरें. पण तीं कापून त्यांचे तुकडे तपासले नसते, आणि एका लोहारानें हातांत घण घेतला नसता, तरीहि शोध लागता ना, हेंहि तितकेंच खरें.

वापर आणि जतन यांची वांटणी कशी करावी, याचा चांगला धडा जपानकडून घेण्यासारखा आहे. १८७६ सालीं तेथील सरकारनें तलवार बाळगून हिंडण्यास सामान्यतः बंदी केली, आणि तलवारी घडविणारे पुष्कळ लोहार सुऱ्या, विळे व इतर घरगुती हत्यारें करूं लागले. जुन्या तलवारींचा उपयोग संपला होता, म्हणून त्या जतन करण्याचें एक सबंध शास्त्रच जपान्यांनीं जोपासलें. पातें साध्या, बिनरंगाच्या लांकडी म्यानांत ठेवतात. दागिन्यासारखें नटविलेलें म्यान व मूठ वेगळीं काढून ठेवतात. मधून मधून जुनें तेल पुसून नवें तेल लावतात. प्रत्येक वेळीं घांसण्यानें पात्याचें कठीण कवच पातळ होतें म्हणून गरजेशिवाय घांसत नाहींत. पण जपानी लोक तेवढ्यावरच थांबले नाहींत. जुन्या तलवारी जतन करतां करतां नव्या घडविण्याचे परवानेहि ठेवले. आणि हलक्या हातानें भाराभर माल निघूं नये म्हणून एका लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी पुऱ्या करण्याची मुभा आहे.

याच जपानांत साकाइ नांवाचें शहर स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तंबाखू कापण्याच्या तेथील सुऱ्यांवर एके काळीं शोगुनच्या सरकारची मुद्रा उमटत असे. तेथें घडविणारा एक, धार देणारा दुसरा आणि मूठ बसविणारा तिसरा अशी कामाची वांटणी आहे. मऊ लोखंडाला कठीण पोलादाची पट्टी जोडून तेथील पातें तयार होतें. मासळीचे पातळ काप काढणारा आचारी आपली लांब सुरी काम संपल्यावर रोज ओल्या दगडावर घांसतो. वर्षामागून वर्षें जातात आणि ती सुरी बोटाबोटानें आंखूड व अरुंद होत जाते. अखेरीस ती लहान कामाला लागते आणि तिच्या जागीं नवी येते. त्या नव्या सुरीच्या मागणीवरच साकाइची भट्टी जळते. तलवार जपली म्हणून तिचा इतिहास राहिला. सुरी झिजविली म्हणून तिचा लोहार राहिला.

आपल्याकडेहि ही गोष्ट अगदीं परकी नाहीं. जुन्या खेड्यांत लोहार हा बलुतेदार होता. कोयता, विळा, विळीचें पातें तो गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणें घडवून देई, आणि धार गेली कीं तेंच हत्यार त्याच्याकडे शेवटण्यास येई. आपलें पाणी कसें उतरलें हें त्याला दर हंगामाला समजत असे. वापरून वापरून निमुळती झालेली विळी पुष्कळ घरांत सासूकडून सुनेकडे आली, आणि तिला कोणी कांचेंत ठेवलें नाहीं म्हणून तिचा मान कमी झाला नाहीं. उलट पक्षीं, पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयांत पितळेचे नक्षीदार अडकित्ते पाहावयास मिळतात. घरोघर पानदान मांडण्याची चाल मागें पडली. तेव्हां ते अडकित्ते कोणी जमविले नसते तर मोडींत जाऊन वितळले असते. ज्या वस्तूचें काम संपलें तिला संग्रहालयानें आसरा द्यावा हें योग्यच झालें. ज्या वस्तूचें काम संपलेलें नाहीं, तिला कामावरून काढून तेथें बसविण्याची घाई मात्र कोणी करूं नये.

तेव्हां ज्याच्या हातीं अशी सुरी येईल त्यानें स्वतःला दोनतीन प्रश्न विचारावे. हिचा कर्ता हयात आहे काय, आणि अशी दुसरी सुरी तो घडवूं शकतो काय? हिच्यासारख्या पुष्कळ आहेत, कीं ही एकुलती एक आहे? ही कामासाठीं घडविली, कीं केवळ कसब दाखविण्यासाठीं? कर्ता वारलेला, नमुना दुर्मीळ, किंवा हेतु केवळ शोभेचा, अशा वेळीं जतनाचा पक्ष घ्यावा. कर्ता हयात आहे आणि सुरी कामाची आहे, तर ती वापरणें हाच तिचा व तिच्या कर्त्याचा मान होय. आणि वापरून जें बरेंवाईट आढळेल तें त्याला जरूर कळवावें. चांगल्या कारागिराला स्तुतीपेक्षां त्या निरोपाचा उपयोग अधिक होतो.

जपावयाची ठरली तरी नुसती ठेवून दिली म्हणजे जपली असें होत नाहीं. पुष्कळ लोक सुरी तिच्या कातडी म्यानांतच घालून ठेवतात. तें चूक आहे. कातडें ओल धरून ठेवतें आणि कमावतांना त्यांत राहिलेलीं द्रव्यें पात्यावर गंजाचे ठिपके पाडतात व पितळेवर हिरवा कळंक चढवितात. म्यान निराळें ठेवावें. पात्यावर बोटांचे ठसे राहूं देऊं नयेत. घामांतील क्षारानें तेथेंच गंज धरतो. पातें कोरड्या मऊ कापडानें पुसून त्यावर तेलाचा किंवा मेणाचा अगदीं पातळ हात द्यावा. शिंग, हस्तिदंत व लांकूड यांच्या मुठी फार कोरड्या उष्ण हवेंत तडकतात, म्हणून ऊन लागेल अशा कपाटांत त्या ठेवूं नयेत. जुन्या चाकूंना पुष्कळदां सेल्युलॉइडच्या मुठी असतात. तें द्रव्य जुनें होऊन कुजूं लागलें कीं त्यांतून आम्ल वाफ निघते आणि शेजारच्या सुऱ्याहि गंजवते. असा चाकू बाकीच्यांपासून दूर ठेवावा.

वापरावयाची ठरली तरी तिच्यावर अत्याचार करावा असा अर्थ नाहीं. डब्याचें झांकण उचकटणें, खिळा उपटणें, हाड फोडणें हीं सुरीचीं कामें नव्हेत. ज्या कामासाठीं ती घडविली त्याच कामाला ती लावावी. लांकडी फळीवर कापावें, दगडावर किंवा चिनी मातीच्या ताटांत कापूं नये. काम होतांच धुऊन लगेच कोरडी करावी. साध्या कर्बी पोलादाच्या पात्यावर वापरानें करडा निळसर रंग चढतो. तो पाहून कित्येक जण घाबरतात आणि घांसून काढतात. तो गंज नव्हे. तो थर तांबड्या गंजाला कांहीं अंशीं अटकाव करतो, म्हणून त्याला तसाच राहूं द्यावा. धार अगदीं जाईपर्यंत वाट पाहूं नये. थोडी मंदावतांच बारीक दगडावर हलक्या हातानें चार वेळां फिरवावी. अशानें पोलाद फार थोडें झिजतें, आणि उत्तम सुरी एका माणसाचा जन्मभर संसार करून मुलाच्या हातीं जाते.

मुलाच्या हातीं ती पडेल तेव्हां तिची पहिली झळाळी गेलेली असेल. मूठ वडिलांच्या तळहाताच्या सवयीनें गुळगुळीत झालेली असेल, पातें थोडें अरुंद झालेलें असेल. बाजारांत तिला कदाचित् मूळची किंमत येणार नाहीं. पण तिचें पाणी कसें आहे याविषयीं त्या घरांत कोणाला शंका असणार नाहीं. आणि त्या मुलाला जेव्हां स्वतःसाठीं नवी सुरी हवी होईल, तेव्हां कारागिराकडे काय मागावें हें त्याला नीट ठाऊक असेल.